माघातला गर, भाद्रपदातली उसळ

ओला काजूगर माघात येतो आणि चैत्र लागेपर्यंत संपत आलेला असतो. गणपती येतात भाद्रपदात. मधे पाच-सहा महिने जातात. आमच्या वयनीचा सगळा धंदा या मधल्या महिन्यांवर उभा आहे.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत लहानथोर सगळेच तिला वयनी म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. मी कुडाळला हिशेब लिहिण्याचं काम करतो. दुकानदार, आंबा बागायतदार, दोन-तीन काजू कारखाने यांच्या वह्या माझ्याकडे असतात. २०१९ पासून वयनीचीही वही आहे. त्यामुळे हे प्रकरण मी बाहेरून पाहिलेलं नाही. काही ठिकाणी माझंच गणित चुकलं होतं, तेही यात येईल.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी आधी ओल्या काजूगराबद्दल. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आणला. इथल्या कातळाला आणि डोंगरउतारांना तो असा मानवला की आता कोणाला तो परका वाटत नाही. या झाडाची एक गंमत आहे. आधी बी वाढते आणि बोंडू, म्हणजे बीला जोडलेलं रसाळ फळ, मागाहून फुगतो. बोंडू अजून बोटाच्या पेराएवढा असतो तेव्हा बी पुरती मोठी झालेली असते, पण हिरवी असते, टरफल कडक झालेलं नसतं, आणि आत गर भरलेला असतो. हाच ओला काजूगर. ही अवस्था फार दिवस टिकत नाही. लवकर तोडली तर आत पाणचट पापुद्रा मिळतो, उशीर झाला तर टरफल सुरीला दाद देत नाही.

टरफलात चीक असतो. सुक्या बीच्या कारखान्यात बी वाफवून किंवा भाजून मग फोडतात, त्यामुळे त्रास कमी होतो. ओल्या बीला ती सोय नाही. एकेक बी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, किंवा सुरीने उभी चिरायची आणि गर अलगद उचकून काढायचा. हाताला राख किंवा खोबरेल चोपडलेलं असलं तरी चीक लागतोच. दोन दिवसांत बोटं काळी पडतात, चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी सोलपटून निघते. बाजारात शेकड्याच्या भावाने गर घेणाऱ्याला दर चढा वाटतो, कारण त्याने ती बोटं पाहिलेली नसतात.

एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणजे उसळ. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप, घरचा मसाला, कोणी बटाटा घालतं, कोणी नुसतीच करतं. दाताखाली गर मऊ लागतो पण पिठूळ नसतो, आणि सुक्या काजूत न उरणारी एक हिरवी गोडी त्यात असते. शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याला ती मिळते. गणपतीला येणाऱ्याला मिळत नाही. आणि गणपतीच्या दिवसांत घरात मासळी-मटण नसतं, पंगत पूर्ण शाकाहारी असते. उसळीचा खरा मान त्याच दिवसांत. तेव्हा घरोघर सुके काजू भिजत घालून वेळ निभावतात. उसळ होते, पण ती खाताना कोणीतरी हमखास म्हणतं, ओल्या गराची चव नाही.

वयनीने हे वाक्य लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ऐकलं होतं.

तिला उसळ विकायची होती

तिची आवड कसली, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. वयनीला स्वयंपाक आवडतो, आणि त्यातही ओल्या काजूची उसळ. माघ लागला की ती सकाळी उठून परड्यातल्या झाडांखाली फिरते, बी हातात घेऊन नखाने टोचून बघते, अमुक झाडाची आज, तमुक झाडाची परवा, असं मनाशी ठरवते. तिच्या हातची उसळ खाऊन पाहुण्यांनी तिला धंदा करायचा सल्ला दिला. असा सल्ला देणं सोपं असतं. तिने तो मनावर घेतला.

२०१८ च्या हंगामात तिने उसळ शिजवून, गार करून, डबे गोठवून डोंबिवलीला बहिणीकडे पाठवले. रात्रीच्या खासगी बसच्या डिकीत बर्फासकट खोका ठेवायचा आणि पहाटे बहिणीने जाऊन तो उतरवून घ्यायचा. बहिणीने सोसायटीत विकले. पहिल्या खेपेला सगळे गेले. दुसऱ्या खेपेला निम्मे गेले. तिसऱ्या वेळी बहिणीने फोनवर बायकांचे निरोप सांगितले. एकीने विचारलं होतं, यात धणे जास्त आहेत का? दुसरी म्हणाली, आमच्याकडे खोबरं इतकं भाजत नाहीत. तिसरीला तिखट लागली. चौथीला अळणी. उसळीला वाईट कोणीच म्हटलं नव्हतं. पण तिघी-चौघींनी निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली होती: नुसते गर मिळतील का?

वयनीला हे लागलं. तिने ते माझ्याजवळ बोलून दाखवलं, आणि मीही तेव्हा म्हणालो की चवीत थोडा बदल करून बघ, मसाला कमी कर. हा माझा सल्ला साफ चुकीचा होता. ज्या बायका ओल्या काजूच्या उसळीसाठी पैसे मोजायला तयार होत्या त्या सगळ्या कोकणातल्याच होत्या. प्रत्येकीच्या घरचं वाटप वेगळं. प्रत्येकीला आपल्या आईचं वाटप खरं. वयनीला जितकी स्वतःच्या हातची उसळ प्रिय, तितकीच त्यांना त्यांच्या हातची. स्वयंपाकाची आवड तिची होती तशीच गिऱ्हाइकाचीही होती. ज्याला ज्या कामाची हौस आहे ते काम तुम्ही पैसे घेऊन करून देऊ लागलात, तर तो एकदा कौतुकाने घेतो, पुन्हा घेत नाही. त्यांना अडत होतं ते फक्त भाद्रपदात ओला गर नसण्यापाशी.

हे तिला वर्षभराने पटलं. २०१९ च्या जानेवारीत ती मला म्हणाली, "भावजी, लोकांका माझी उसळ नको, गर होये." त्या दिवशी मी तिच्यासाठी नवी वही घातली.

मग तिच्या त्या आवडीचं काय झालं? ती वाया गेली नाही. कुठल्या झाडाची बी कुठल्या दिवशी तोडायची हे ठरवणारी तिची नजर तयार झाली होती ती स्वयंपाकातूनच. बाजारातला व्यापारी गर आकारावरून निवडतो. वयनी तो शिजल्यावर कसा लागेल यावरून निवडते. तिच्या पाकिटातला गर एकसारखा शिजतो, कारण कोवळा आणि जून असे गर ती एकत्र येऊ देत नाही. गिऱ्हाइकाला यातलं कारण माहीत नाही. त्याची उसळ मात्र बिघडत नाही.

गोठवण्याची गोष्ट

पहिल्या प्रयत्नात गर घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात पिशवीतून ठेवले. पंधरा दिवसांनी काढले तर पिशवीत एकच ढेकूळ, आणि पाण्यात सोडल्यावर गर लिबलिबीत आणि करडे. दुसऱ्यांदा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. रंग टिकला, पण खारटपणा काही जाईना.

उपाय आला मासळीतून. वयनीचा मामेभाऊ रत्नागिरीला मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात काम करून आलेला. तो म्हणाला, कोळंबी अशी ढिगाने गोठवत नाहीत, सुटी-सुटी गोठवतात. कारण साधं आहे. हळूहळू गोठताना आतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. वितळल्यावर मग काही घट्ट राहत नाही. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. आणि गर करडा पडतो तो आतल्या विकरांमुळे; नुसत्या थंडीने त्यांचं काम मंदावतं, थांबत नाही, म्हणून आधी उकळत्या पाण्याचा चटका द्यावा लागतो.

चटका देण्यात नवीन शिकण्यासारखं काही नव्हतं. गराची साल सुटावी म्हणून आमच्याकडे तो गरम पाण्यात टाकतातच. वयनीने एवढंच केलं की पाणी खळखळ उकळू दिलं, मिनिटभर गर ठेवले, लगेच बर्फाच्या पाण्यात काढले, सुती फडक्यावर कोरडे केले आणि ताटांत एका थरात पसरून डीप फ्रीजरमध्ये ठेवले. गोठल्यावर मग पाव किलोच्या पिशव्या भरल्या. उणे १८ अंशांवर ठेवलेले मार्चमधले गर त्या वर्षी श्रावणात काढून पाहिले. उसळ झाली. भावाने दोनदा वाढून घेतली आणि काही बोलला नाही, यावरून आम्ही काय ते समजलो.

अन्नसुरक्षेची नोंदणी केली. वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा शंभर रुपये फी होती, अर्ज ऑनलाइन. एक डीप फ्रीजर घेतला. हा भाग लवकर उरकतो, कारण तो खरंच लवकर उरकला. ज्याची लोकांना भीती वाटते ते कागद आणि यंत्रं आमच्या बाबतीत सर्वांत सोपी निघाली.

सोलणारे हात

अवघड होतं ते सोलणं.

एका बीचा हिशेब मांडून दाखवतो. चांगल्या कलमी झाडाची सुकी बी सात-आठ ग्रॅमची धरली तर किलोत साधारण १३० बिया बसतात. किलोला शंभरच्या आसपास भाव मिळाला तर एका बीचे शेतकऱ्याला पाऊण रुपयाहून थोडे जास्त मिळतात. तीच बी ओली तोडून, सोलून, गर करून विकली तर आमच्या बाजारात हंगामाच्या मध्याला त्या एका गराचे दोन रुपये येत होते. मधला सव्वा रुपया दिसायला मोठा आहे. पण तोडणी, सोलणी, फुटतूट, वीज, पिशव्या, बसचं भाडं, सगळं त्या सव्वा रुपयातून जायचं, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सोलणीचा.

पहिल्या वर्षी चौघीजणी सोलायला यायच्या. शेकड्याला ४० रुपये ठरले. हात बसलेली बाई दिवसाला सातशे-आठशे गर काढायची. पैसे शेकड्यावर, म्हणून हात भराभर चालायचे, आणि भराभर चालणारी सुरी गर अर्धा करायची. आठ दिवसांत अख्ख्या गरांपेक्षा फाकी जास्त झाल्या. मी सुचवलं की फाकींचे पैसे कापू. वयनीने उलटं केलं. फाकीचा दर तोच ठेवला आणि अख्ख्या गरांच्या शेकड्याला दहा रुपये वाढवून दिले. फाकींची वेगळी पाकिटं केली, ती स्वस्तात गेली, खीर आणि पुलाव करणाऱ्यांनी घेतली. अख्ख्या गरांचं प्रमाण महिन्याभरात सुधारलं.

दुसरा वाद हातांवरून झाला. वयनीने नियम केला की कोणीही सलग दोन दिवसांपेक्षा जास्त सोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिने तोडणीला जावं, पिशव्या भराव्यात, काहीही करावं, पण आडाळ्यावर बसायचं नाही. हातमोजे आणले होते, पण जाड मोज्यांत गराचा अंदाज येत नाही आणि पातळ मोजे सुरीने फाटतात. शेवटी डाव्या हाताला मोजा आणि उजव्याला खोबरेल, असं ठरलं. मी वहीकडे बघून म्हणालो की आपला हंगाम जेमतेम सात-आठ आठवड्यांचा आहे, त्यात सोलणाऱ्या हातांना सुट्टी परवडणार नाही. त्यावर ती म्हणाली, "हात जळले तर फुडल्या वर्सा येतली कोण?"

मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. पण मार्चच्या मध्यापासून हापूस सुरू होतो. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत बागांत तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणं सुरू होतं, आणि त्या कामात काजूसारखा हात जाळणारा चीक नसतो. आजूबाजूच्या वाड्यांत ओले गर काढणाऱ्यांकडच्या बायका दरवर्षी तिथे जातात. वयनीकडच्या चौघींपैकी तिघी पुढच्या वर्षी परत आल्या आणि आणखी दोघींना घेऊन आल्या. आज सात जणी आहेत. माझ्या वहीत सुट्टीचे दिवस खर्चाच्या रकान्यात होते. खरं तर पुढच्या हंगामाची बेगमी त्याच रकान्यात होती, आणि ती मला दिसली नाही.

शेकडा आणि किलो

आमच्याकडे गर मोजून विकतात, शेकड्यावर. डोंबिवली-ठाण्याचं गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं. सुरुवातीला आम्ही शेकड्याने पाठवले तर तक्रार आली की मागच्या वेळचे शंभर जास्त भरले होते. बरोबरच होतं. वेंगुर्ला-७ या जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, आमच्या परड्यातल्या गावठी झाडाची जवळपास निम्मी. कलमी शंभर गर पाव किलोच्या वर जातात, गावठी जेमतेम दीडशे ग्रॅम भरतात.

खरं पाहिलं तर सुक्या काजूच्या व्यापारातही मोजणीच आहे. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडात ३२० पर्यंत गर, डब्ल्यू १८० म्हणजे १८० पर्यंत. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. जगभरचा व्यापारी मोजणी आणि वजन एकमेकांना बांधून बोलतो. आम्ही मात्र घेताना शेकडा आणि विकताना किलो करत होतो आणि मधल्या फरकात कधी आमचं, कधी गिऱ्हाइकाचं नुकसान होत होतं. वयनीच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, हे ऐकून अस्वस्थ व्हायची. "वजनान गर कोण घेता? गर मोजूचो," असं तिचं ठाम मत. शेवटी कलमी गर वजनाने विकायचे ठरले. गावठीचं काय करायचं ते तेव्हा ठरलं नाही.

दोन उन्हाळे

२०२० ची होळी ९ मार्चला झाली. चाकरमानी आले, गर खाऊन, घेऊन गेले. २५ मार्चला देश बंद झाला. बाजार बंद, बस बंद, आणि झाडावर बिया तयार. बऱ्याच लोकांनी त्या सुकू दिल्या. वयनीने सोलणं चालू ठेवलं, घराघरांत बिया देऊन, अंतर ठेवून. दुसरा फ्रीजर भावाने त्याच्या ठेवीतून घेतला होता, तो तेव्हा भरला. मला झोप लागत नव्हती, कारण मजुरी रोख जात होती आणि गिऱ्हाईक दिसत नव्हतं.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांना गावी येऊन दहा दिवस विलगीकरणात राहण्याची अट होती. ज्यांना एवढी रजा नव्हती ते मुंबईतच राहिले. त्यांच्यापैकी कित्येकांचा तो गावाबाहेरचा पहिला गणपती होता. जुलैच्या शेवटी फोन सुरू झाले. मी त्यांतले काही घेतले आहेत. लोक भाव विचारत नव्हते. एका माणसाने मला त्याच्या घराच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं, वर्णन ऐकवलं, कोणत्या कोपऱ्यात काय बांधतात ते, आणि मग म्हणाला, चार पाकिटं पाठवा. दोन्ही फ्रीजर चतुर्थीच्या आधी रिकामे झाले.

या यशाने माझी मती फिरली. मी त्या पावसाळ्यात हिशेब मांडला की दुप्पट माल साठवला तर दुप्पट विकेल. २०२१ च्या हंगामात आम्ही एप्रिलअखेर अडीचशे पाकिटं भरून ठेवली आणि त्यांतल्या नव्वदांचे पैसे आगाऊ घेतले.

मे महिन्याच्या मध्याला तौक्ते चक्रीवादळ आलं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून ते गेलं तेव्हा माड वाकून जमिनीला टेकत होते. आमच्या वाडीत दोन घरांचे पत्रे उडाले, आंब्याची मोठी झाडं मुळासकट आडवी झाली, विजेचे खांब रस्त्यात. माणसं वाचली, हे सर्वांत आधी. गच्च भरलेला डीप फ्रीजर झाकण न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो. वयनीने झाकणावर गोधड्या टाकल्या आणि कोणाला हात लावू दिला नाही. बर्फ आणायचा तर बंदरावरचे बर्फाचे कारखानेही विजेवाचून बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने झाकण उघडलं. कडेची पाकिटं मऊ झाली होती. एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवता येत नाही.

वाडीत त्या दिवशी सगळे एकमेकांच्या छपरांवर होते. वयनीने चुलीवर मोठं टोप चढवलं. तीन दिवस वाडीतल्या प्रत्येक घरात, झाडं तोडायला आलेल्या माणसांत, खांब उभे करायला आलेल्या वायरमनांत ओल्या काजूची उसळ आणि भात गेला. आमच्याकडे वीज सहाव्या दिवशी आली. नव्वद जणांचे पैसे तिने जूनअखेर परत केले. अकरा जणांनी घेतले नाहीत, पुढच्या वर्षी धरा म्हणाले. सोलणाऱ्यांची मजुरी आधीच दिलेली होती, त्यामुळे तोटा सगळा घरावर आला आणि तो फेडायला दोन वर्षं लागली.

फ्रीजर कोणाचा

मी उपाय शोधला तो माझ्या व्यवसायाला साजेसा होता. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना २०२० पासून सुरू झाली होती. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. मी शीतखोली, जनरेटर, सगळं धरून अहवाल तयार केला. बँकेचं कर्ज बसत होतं. वयनीने अहवाल पूर्ण वाचला, आणि एकच प्रश्न विचारला. "खोली भरूक गर सोलतली कोण?"

माझ्या अहवालात शीतखोलीची क्षमता होती, विजेचं बिल होतं, घसारा होता. हप्ता फेडायचा तर किती गर लागतील तेही होतं. ते गर काढायला तेवढ्या सात आठवड्यांत किती हात लागतील, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. नंतर मोजलं तर तीसच्या वर बायका लागत होत्या. वाडीत आणि शेजारच्या वाडीत मिळून तेवढ्या मोकळ्या बायका नाहीत. ज्या आहेत त्या हापूसवर जातात. योजना चांगली आहे आणि अनेकांना तिचा उपयोग झाला आहे. आमची अडचण मात्र थंडीची नव्हती.

मार्ग निघाला तो मे महिन्याच्या एका संध्याकाळी, २०२२ मध्ये. ठाण्याचं एक कुटुंब सुट्टी संपवून परत निघालेलं, आंब्याच्या पेट्या बांधून झालेल्या. त्यांनी सहज विचारलं, गणपतीला लागणारे गर आत्ताच नेले तर? आमच्या फ्रीजरमध्ये जागा आहे. वयनीने मासळीवाल्यांकडून थर्माकोलचा खोका मागवला, आठ पाकिटं खच्चून भरली, चिकटपट्टी लावली. रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने निघालेला खोका सकाळी ठाण्याला पोचला तेव्हा पाकिटं दगडासारखी होती.

तेव्हापासून भाव दोन झाले. मे महिन्यात नेणाऱ्याला पाकीट ४०० रुपये, ऑगस्टमध्ये मागणाऱ्याला ५२०. मधले १२० रुपये म्हणजे त्यांच्या फ्रीजरचं भाडं म्हणा, किंवा आमच्या काळजीचं. पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त माल पावसाआधी गेला. आता चारातले जवळजवळ तीन हिस्से जातात. वादळ आलं, खांब पडले, तरी आमच्याकडे थोडाच माल असतो, आणि तोही आता दोन घरांत वाटून ठेवतो. शहरात वीज गेली तर तासाभरात येते.

यातलं मला अजूनही विलक्षण वाटतं ते असं की, जे चाकरमानी गणपतीला गावी येतात ते मे महिन्यात नेलेले गर भाद्रपदात पुन्हा घेऊन येतात. वेंगुर्ल्यात सोललेला गर कोकणकन्येने ठाण्याला जातो, तीन महिने तिथे राहतो, आणि तुतारी एक्स्प्रेसने परत कोकणात येऊन इथल्याच चुलीवर शिजतो. बाजारात उणीव होती ती जागेची नव्हतीच. गर आणि खाणारा दोघेही याच गावचे, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत इथे असायचे.

गावठीचा प्रश्न

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. घरामागे सहा गावठी झाडं आहेत, आजोबांच्या वेळची. त्यांची बी लहान. सोलणाऱ्या बायकांना ती नको असते, कारण तेवढ्याच वजनाला जवळपास दुप्पट बिया चिराव्या लागतात. बाजूच्या दीड एकरात भावाने वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं लावली आहेत, ती आता चांगली धरतात. वही सरळ सांगते की गावठी गरावर प्रत्येक पाकिटामागे तोटा आहे. मी गेल्या वर्षी आकडे मांडून दाखवले आणि म्हटलं, ही झाडं सुक्या बीसाठी ठेवू, ओले गर फक्त कलमीचे काढू.

वयनी म्हणते गावठीची गोडी कलमीला नाही. मी दोन्ही उसळी शेजारी ठेवून खाल्ल्या आहेत. मला फरक कळतो असं मला वाटतं, पण मी तिच्याच हातचं जेवून मोठा झालेल्या घरातला आहे, माझ्या जिभेवर विसंबून भाव ठरवता येणार नाही. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना फरक कळत नाही. सात-आठ जणांना कळतो, आणि ते दरवर्षी आधी फोन करून गावठी आहेत का विचारतात. सगळे साठीच्या पुढचे.

"गावठी बंद केलंय, तर माझ्या घरात उसळ कसली करू?" असं ती म्हणाली तेव्हा मी वही मिटली.

या माघापासून गावठी गर वजनाने विकायचे बंद केले आहेत. ते शेकड्याने जातात, आईला हवे होते तसे, आणि सोलणाऱ्या बाईला त्यांच्या शेकड्याला कलमीपेक्षा वीस रुपये जास्त. भाव त्यानुसार चढवला. पहिल्या आठवड्यात अकरा शेकडे झाले. ते वयनी स्वतः मोजते, संध्याकाळी पडवीत बसून, पाच-पाच गर एका वेळी उचलून, आणि शंभर झाले की वर दोन टाकते. ते दोन कुठल्या रकान्यात लिहायचे हे मी अजून ठरवलेलं नाही.